ज्याची रसद, त्याचा पुढारी

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या बंदरांतल्या वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशननं जाहीर केलं, की इस्रायलला जाणारा शस्त्रांचा माल आमचा कामगार चढवणार नाही आणि उतरवणारही नाही. देशातली अकरा मोठी बंदरं, साडेतीन हजार कामगार. ते पत्रक मी गोदीतल्या चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. एक जुने कामगार, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, बिडी ओढत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "ते समदं ठीक हाय बाळा, पण त्यांच्यात गट किती?"

मी म्हणालो, "दहा-बारा तरी असतील."

तात्या हसले. "म्हणजे आपल्यावानीच की."

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. पण रात्रपाळीभर ते हसणं डोक्यातून गेलं नाही. त्या हसण्याला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय.

आपल्या पोरांत पॅलेस्टाईनबद्दल दोन जातीचे लोक आहेत. एक म्हणतो, आपसात भांडून मेले साले, त्यांना कोण वाचवणार. दुसरा भिंतीवर फोटो लावतो, आज अराफतचा, उद्या सिनवारचा, आणि प्रश्न विचारला की अंगावर येतो. पहिला आळशी आहे, दुसरा भक्त. दोघांनाही इतिहास नको आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. चळवळीत वाद असतातच. सगळी जमीन मागायची की निम्म्यावर राज्य घ्यायचं, बंदूक की बोलणी, धर्म की वर्ग, हे वाद पॅलेस्टिनींत खरेच होते आणि ते व्हायलाच पाहिजेत. पण वाद म्हणजे फूट नव्हे. वादाची फूट होते ती गटाला बाहेरून रसद सुरू झाली की. मग पुढारी आपल्या माणसाकडं बघत नाही, रसद देणाऱ्या हाताकडं बघतो.

सुरुवात एका गोदीपासूनच करू. हैफा. इंग्रजांनी 1933 साली तिथं नवं बंदर उघडलं. बेरुतला बसलेले जमीनदार पॅलेस्टाईनमधली जमीन ज्यू संस्थांना विकत होते आणि पिढ्यानपिढ्या ती कसणारं कूळ रस्त्यावर येत होतं. ते कूळ हैफाला आलं, पत्र्याच्या झोपडीत राहिलं, गोदीत आणि रेल्वेत राबलं. या माणसांत इज्जद्दीन अल-कस्साम नावाचा मूळचा सीरियाचा इमाम काम करायचा. रात्री मजुरांना लिहायला वाचायला शिकवायचा. नोव्हेंबर 1935 मध्ये तो मूठभर माणसं घेऊन डोंगरात गेला आणि इंग्रजांच्या गोळीनं मेला. पाच महिन्यांनी देश पेटला. एप्रिल 1936 मध्ये गावोगाव समित्या निघाल्या आणि सार्वत्रिक संप सुरू झाला. तो सहा महिने चालला. सहा महिने, दोस्तहो! आपल्याला आठवड्याचा संप झेपत नाही.

मग पुढारी आले. जेरुसलेममध्ये दोन बडी घराणी होती, हुसैनी आणि नशाशिबी. हुसैनी घराण्यातल्या हाज अमीनला 1921 मध्ये मुफ्तीच्या गादीवर बसवलं इंग्रज हायकमिशनरनं. नशाशिबी घराण्यातल्या राघिबला 1920 मध्ये जेरुसलेमचा महापौर केलं तेही इंग्रजांनीच, आणि ते हुसैनी घराण्यातल्या मूसा काझिमला काढून. म्हणजे दोन्ही खुर्च्या एकाच सुताराच्या. संप समित्यांनी पेटवला, त्यावर बड्यांची उच्च समिती येऊन बसली, आणि ऑक्टोबरमध्ये अरब राजांनी आवाहन केल्याबरोबर तिनं संप मागं घेतला. पुढं बंड पुन्हा भडकलं तेव्हा 1938 मध्ये नशाशिबींच्या बाजूनं 'शांतता पथकं' निघाली आणि इंग्रजांच्या मदतीनं बंडवाल्या शेतकऱ्यांवरच चालून गेली. मुफ्ती पळाला आणि 1941 मध्ये बर्लिनला जाऊन हिटलरला भेटला. शत्रूचा शत्रू शोधत कुठल्या गटारात जाऊन पडावं, याला काही मर्यादा? हे झाकायचं कारण नाही. तो कुणी कुळांनी निवडून दिलेला माणूस नव्हता.

एप्रिल 1948 मध्ये हैफा पडलं. शहरातले बडे लोक कितीतरी आधीच बेरुतला सुखरूप पोचले होते. मागं राहिलेला गरीब माणूस तोफगोळ्यांखाली त्याच गोदीकडं पळाला, ज्या गोदीत तो ओझी वाहायचा, आणि मिळेल त्या होडीत चढला. साठ-सत्तर हजार अरबांच्या त्या शहरात तीन-चार हजार उरले. देशभरात सात लाखांवर माणसं हाकलली गेली. शेकडो गावं नकाशावरून पुसली. मग तंबू, आणि 1950 पासून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचं रेशन. ते हाकलले गेले ते गट होते म्हणून नव्हे. हाकलणाऱ्याकडं सैन्य होतं आणि त्याच्या मागं साम्राज्य होतं म्हणून. हा हिशेब आधी मांडून ठेवतो. खाली पुढाऱ्यांना शिव्या देणार आहे, त्याचा अर्थ कुणी उलटा लावू नये.

छावणीतली पोरं शिकली. मास्तर झाली, इंजिनियर झाली, पोटासाठी कुवेतला गेली. तिथं 1959 च्या सुमारास अराफत, खलील अल-वझीर, सलाह खलफ या मंडळींनी 'फतह' उभी केली. लिड्डा गावचा जॉर्ज हबश डॉक्टर झाला. बेरुतच्या विद्यापीठातून त्यानं अरब राष्ट्रवाद्यांची संघटना बांधली आणि डिसेंबर 1967 मध्ये मार्क्सवादाकडं वळत 'पॉप्युलर फ्रंट' काढला. या दोन्ही संघटना छावणीतून आणि मजुरीच्या परदेशातून वर आल्या. पीएलओ मात्र वरून खाली आली. 1964 मध्ये अरब राजे आणि राष्ट्राध्यक्षांनी कैरोत बसून ती ठरवली आणि अहमद शुकैरी नावाच्या वकिलाला अध्यक्ष केलं. पोरांना गप्प बसवण्यासाठी केलेली सोय होती ती. 1967 च्या युद्धात त्या राजांची लाज गेली, मार्च 1968 मध्ये करामेला फिदायीन इस्रायली फौजेसमोर टिकून लढले, आणि फेब्रुवारी 1969 मध्ये पोरांनी पीएलओच ताब्यात घेतली. अराफत अध्यक्ष झाला. हा खालच्या माणसाचा विजय होता. त्या काळात कुवेतमधल्या पॅलेस्टिनी नोकरदाराच्या पगारातून पाच टक्के पीएलओसाठी कापले जायचे. आपल्या घामाची रसद. तेवढीच असती तर?

पण पैशाचा लोंढा लवकरच सौदी आणि आखाती तिजोऱ्यांतून सुरू झाला. ज्याला सौदीचा वाटा मिळेना त्यानं दुसरा धनी शोधला. 1968 मध्येच अहमद जिब्रील हबशपासून फुटला, त्याच्या पाठीशी सीरिया. सीरियाच्या बाथ पक्षानं 'साइका' काढली, म्हणून इराकच्या बाथ पक्षानं 1969 मध्ये 'अरब लिबरेशन फ्रंट' काढला. म्हणजे दमास्कस आणि बगदादचं भांडण पॅलेस्टिनी पोराच्या हातात बंदूक देऊन लढवायचं! 1969 मध्ये नायफ हवातमेचा 'डेमोक्रॅटिक फ्रंट' निघाला, त्यात विचाराचा भाग तरी खरा होता. आणि पीएलओच्या कौन्सिलमध्ये जागा वाटल्या जायच्या त्या कोट्यानं, एवढ्या या गटाला, एवढ्या त्या गटाला. छावणीतल्या बाईला, लेबनॉनच्या वीटभट्टीवरच्या मजुराला मत नव्हतं. फुटलं की वाटा मिळायचा, मग कोण फुटणार नाही?

याची फळं बघा. 1970 च्या सप्टेंबरमध्ये पॉप्युलर फ्रंटनं विमानं पळवून जॉर्डनच्या वाळवंटात उडवली. जॉर्डनच्या राजाला निमित्त मिळालं आणि त्याच्या फौजेनं छावण्या भाजून काढल्या. 1974 मध्ये पीएलओनं टप्प्याटप्प्यानं राज्य घेण्याचा कार्यक्रम मान्य केला, तेव्हा नकारवाद्यांची वेगळी आघाडी झाली. तिला बगदादचा आधार. त्याच साली अबू निदाल फुटला, तो आधी इराकचा, मग सीरियाचा, मग लिबियाचा. त्याच्या माणसांनी 1983 मध्ये इसाम सरतावीला पोर्तुगालमध्ये मारलं आणि 1991 मध्ये सलाह खलफला ट्युनिसमध्ये. फतहच्या संस्थापकाला इस्रायलनं नाही मारलं, फतहमधूनच निघालेल्या भाडोत्र्यांनी मारलं. 1983 च्या अखेरीस उत्तर लेबनॉनमध्ये सीरियाच्या तोफांच्या आडोशानं अबू मूसाच्या बंडखोर फतहवाल्यांनी अराफतच्या फतहला वेढलं. गोळे पडले ते नहर अल-बारिद आणि बद्दावीच्या छावण्यांवर. सब्रा-शातीलाच्या कत्तलीला सव्वा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लिहिणं खोटं होईल. जे विकले गेले नाहीत त्यांना शत्रूनं जगू दिलं नाही. कथाकार घस्सान कनफानी पॉप्युलर फ्रंटचा प्रवक्ता होता. 8 जुलै 1972 ला बेरुतमध्ये गाडीत बॉम्ब ठेवून त्याला उडवलं, सोबत त्याची भाची होती. पुढच्या एप्रिलमध्ये पीएलओचा प्रवक्ता, कवी कमाल नासिर याला घरात घुसून मारलं. 1988 मध्ये खलील अल-वझीर, 2001 मध्ये अबू अली मुस्तफा. व्हीलचेअरवर बसलेला हमासचा शेख यासीन 2004 मध्ये क्षेपणास्त्रानं, 2024 मध्ये तेहरानला इस्माइल हनिये, त्याच साली गाझात याह्या सिनवार. चांगलेही मारले आणि ज्यांच्याशी आपलं जमणार नाही असेही मारले. माणसं मेली की खुर्चीवर उरतो तो ज्याला मारण्याची गरज वाटली नाही असा!

तरी खालचा माणूस एकदा सगळ्या पुढाऱ्यांना मागं टाकून गेला. 8 डिसेंबर 1987. इस्रायलमध्ये मजुरी करून गाझाला परतणाऱ्या मजुरांच्या गाड्यांवर लष्कराचा ट्रक आदळला. चार मजूर मेले. दुसऱ्या दिवशी जबालिया छावणी रस्त्यावर उतरली आणि इंतिफादा सुरू झाला. पीएलओचे पुढारी तेव्हा दूर ट्युनिसमध्ये. इथं गल्ल्यांत समित्या झाल्या. शाळा बंद केल्या तर घरात वर्ग भरले, परसात भाजी लावली, बायकांनी सहकारी उद्योग काढले. फतह, पॉप्युलर फ्रंट, डेमोक्रॅटिक फ्रंट आणि कम्युनिस्ट यांची मिळून एक भूमिगत एकत्रित कमिटी झाली. तिची नंबर घातलेली पत्रकं निघायची, कुठल्या दिवशी संप, कुठल्या दिवशी बाजार. बैत सहूर गावानं 1989 मध्ये कर देणं बंद केलं. सैनिकांनी घराघरातलं सामान उचलून नेलं तरी गाव हटलं नाही. एकी अशी असते. एकत्र फोटो काढून होत नाही.

हमासचा जन्म याच उठावातला, डिसेंबर 1987. मुस्लिम ब्रदरहूडच्या गाझातल्या धर्मादाय संस्थांना सत्तरीच्या अखेरीस इस्रायलनंच परवाना दिला होता, का, तर डाव्यांना आणि पीएलओला शह बसावा. हमासनं दवाखाने चालवले, बालवाड्या चालवल्या, गरिबाचा विश्वास मिळवला, हे खरं. आणि 1988 च्या सनदेत ज्यूद्वेषाची घाण भरली, हेही खरं. जन्मावरून सबंध माणसांच्या समूहाला नीच ठरवणं काय असतं हे आपल्याला कुणी शिकवू नये. तो विचार अरबीत लिहिला म्हणून पवित्र होत नाही.

या उठावाचं पीक कुणी कापलं? अराफत कुवेतच्या युद्धात सद्दामच्या बाजूनं झुकला, आखाती पैसा आटला, कुवेतमधले लाखो पॅलेस्टिनी बाहेर काढले गेले. तिजोरी रिकामी झाल्यावर पुढारी बोलणी करायला बसला. उघड बोलणी करत होते गाझाचे डॉक्टर हैदर अब्देल शफी, आणि त्यांच्या पाठीमागं ओस्लोत गुपचूप करार शिजला. 13 सप्टेंबर 1993 ला सही झाली. पीएलओनं इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. इस्रायलनं काय मान्य केलं? तर पीएलओ ही पॅलेस्टिनींची प्रतिनिधी आहे. बस्स. म्हणजे पुढाऱ्याला पावती मिळाली, जमिनीला नाही. 1988 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे कवी महमूद दरवीश पीएलओच्या कार्यकारिणीतून राजीनामा देऊन बाहेर पडले.

आता गोदी कामगार म्हणून एक सांगतो. 1994 मध्ये पॅरिसला एक आर्थिक करार झाला. नाब्लुसच्या दुकानदारानं परदेशातून माल मागवला की तो हैफाच्या नाहीतर अशदोदच्या बंदरात उतरतो. त्यावरची कस्टम ड्युटी इस्रायल गोळा करतं आणि नंतर पॅलेस्टिनी ऑथॉरिटीला देतं. ऑथॉरिटीच्या उत्पन्नाचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा हा. मास्तराचा, नर्सचा, पोलिसाचा पगार यातून. इस्रायलच्या मनात आलं की पैसे अडकवले, आणि हे अनेकदा केलं. लेको, यापेक्षा मोठा लगाम कुठला? बाकीचं सगळं राजकारण बाजूला ठेवा, ज्याची चूल शत्रूच्या कस्टम हाउसमधून पेटते तो शत्रूशी किती लढणार? गाझाला स्वतःचं बंदर देऊ असं कबूल केलं होतं. 2000 साली कामाला हात लागला आणि दुसरा इंतिफादा पेटल्यावर ते मोडून टाकलं. 1993 मध्ये वेस्ट बँकेत, पूर्व जेरुसलेम सोडून, लाखभर इस्रायली वसाहतवाले होते. ते पाच लाखांवर गेले. आणि हैफाचं बंदर जानेवारी 2023 मध्ये आपल्या देशातल्या अदानींनी इस्रायली भागीदाराबरोबर विकत घेतलं. कस्सामच्या हमालांची गोदी!

जानेवारी 2006 मध्ये लोकांनी मतदान केलं. 132 पैकी हमासला 74 जागा, फतहला 45. मतं मात्र 44 टक्के आणि 41 टक्के, म्हणजे लोकांनी फतहला भ्रष्टाचाराची शिक्षा दिली, सगळा देश मौलवींना दिला नव्हता. लोकशाहीचे ठेकेदार अमेरिका-युरोप यांनी पैसा बंद केला. फतहला निकाल पचला नाही. त्या मे महिन्यात इस्रायलच्या तुरुंगातून एक कागद आला. फतहचा मारवान बरघूती आणि हमास, इस्लामिक जिहाद, दोन्ही फ्रंट यांच्या कैद्यांनी मिळून लिहिलेला. 1967 मध्ये बळकावलेल्या जमिनीवर राज्य, पीएलओची फेररचना, सगळ्यांचं सरकार. ज्यांची रसद तुरुंगाची डाळ होती त्यांना एक होता आलं. बाहेरच्यांना नाही आलं. जून 2007 मध्ये गाझात फतह आणि हमासच्या माणसांनी एकमेकांना उंच इमारतींवरून फेकलं. एका तुकड्याची दोन सरकारं झाली.

त्यानंतरचे करार मोजा: 2011 कैरो, 2012 दोहा, 2014 शाती, 2017 पुन्हा कैरो, 2022 अल्जीअर्स, 2024 बीजिंग. बीजिंगला चौदा गट होते. प्रत्येक वेळी हात उंचावून फोटो. रामल्लाची चूल कस्टमच्या पैशावर आणि परदेशी मदतीवर, गाझाची इराण आणि कतारच्या. 2018 पासून कतारची रोकड बॅगांतून गाझात जायची ती नेतान्याहूच्या सरकारच्या परवानगीनं. दोन तुकडे वेगळे राहावेत हा त्यांचा फायदा. महमूद अब्बास 2005 मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले आणि 2025 मध्ये नव्वदी गाठली तरी खुर्चीवरच. मे 2021 ची निवडणूक जाहीर केली, 36 याद्या भरल्या गेल्या, आणि तीनेक आठवडे आधी ती पुढं ढकलली. दोन महिन्यांनी त्यांच्यावर टीका करणारा निझार बनात त्यांच्याच पोलिसांच्या ताब्यात मारहाणीनं मेला. गाझातही तेच. 2019 च्या मार्चमध्ये 'आम्हाला जगायचंय' म्हणत पोरं महागाईविरुद्ध रस्त्यावर आली आणि हमासच्या पोलिसांनी त्यांना झोडपलं.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या नेत्यांनी लोकांना न विचारता सगळ्यांचा जीव पणाला लावला. इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसं मेली, त्यात सामान्य माणसं जास्त, आणि अडीचशे ओलीस नेले. घरात झोपलेल्या बाईमाणसाला मारणं ही क्रांती नव्हे, हे मी लिहून देतो. त्यानंतर इस्रायलनं गाझावर जे केलं ते मोजायला आकडे पुरत नाहीत. तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीत 2025 च्या अखेरीस मृतांचा आकडा 70 हजारांवर गेला. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सुरक्षा परिषदेनं गाझावर देखरेखीला 'बोर्ड ऑफ पीस' मान्य केलं, अध्यक्ष ट्रम्प. 1921 मध्ये हायकमिशनर मुफ्ती नेमत होता. शंभर वर्षांनी मधला मुफ्तीही नको झाला.

आता तात्यांचं हसणं. आपलं काय झालं? 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष झाला, दोन वर्षांत दुरुस्त-नादुरुस्त. 1964-65 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली, तेव्हा गट दिसले नाहीत. मग काँग्रेसची युती आली, आमदारकी आली, आणि गट दिसायला लागले. 1972 ची पँथर 1974 मध्ये फुटली. 1998 मध्ये एकी केली, चार खासदार निवडून आले, लगेच चार दिशा. आपल्यावर बॉम्ब पडत नव्हते. आपली छावणी कुणी वेढली नव्हती. तरी एवढं झालं. मग त्यांना हसायचा आपल्याला काय अधिकार आहे?

राजकारणातली भक्ती अधोगतीला नेते, हे बाबासाहेबांनी 1949 मध्ये घटना समितीत सांगून ठेवलंय. आपण त्यांचीच भक्ती करून मोकळे झालो. म्हणून पॅलेस्टाईनच्या बाजूनं उभं राहताना मला फोटो नको, ना अराफतचा, ना अब्बासचा, ना सिनवारचा. मी गाझाच्या त्या चार मजुरांच्या बाजूनं आहे. बैत सहूरच्या बाजूनं आहे. आणि पुढारी कुठलाही असो, तिकडचा वा आपल्या वस्तीतला, त्याला तीन प्रश्न: तुला कुणी निवडलं? तुझी चूल कुणाच्या पैशावर? आणि तुला काढायचं तर आम्ही कुठं जायचं?

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना म्हणालो, "गट आहेत, आपल्यासारखेच आहेत. म्हणून माल चढवायचा का?"

तात्यांनी बिडी विझवली. "नाय," म्हणाले. "त्यो प्रश्नच न्हवता. पण पुढच्या मीटिंगला फेडरेशनच्या सायबाला पण ते तीन प्रश्न इचार."

विचारणार आहे. जय भीम.